नोकरी, ड्रम आणि डीजे: साताऱ्याकडच्या एका वादकाच्या पत्राला उत्तर

सातारा जिल्ह्यातील एका २७ वर्षांच्या वाचकाचे पत्र आले आहे. त्याचा आशय त्यांच्याच शब्दांच्या जवळ राहून देतो: "आजोबा संबळ वाजवत, वडील बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतात. मी १२व्या वर्षापासून ताशा आणि पुढे ड्रम व ऑक्टोपॅड वाजवत आलो. पुण्यात एका कंपनीत २६ हजार रुपये पगाराची नोकरी आहे. शनिवार-रविवारी हळदीत, वरातीत आणि बँजो पार्टीत ड्रम वाजवतो, गेली ३ वर्षे डीजे म्हणूनही जातो. वर्षभराच्या सुपाऱ्यांची यादी सोबत जोडली आहे. मला नोकरी सोडून पूर्णवेळ स्वतंत्र कलाकार व्हायचे आहे, स्वतःचे संगीत करायचे आहे. चुलतभाऊ म्हणतो, भागीदारीत डॉल्बी, म्हणजे मिरवणुकीची मोठी स्पीकरयंत्रणा, घेऊ. माझ्या वाट्याला १२ टक्के व्याजाने ३ वर्षांसाठी ४ लाखांचे कर्ज येईल. मित्र म्हणतात, ड्रम किंवा डीजे, एक काहीतरी धर. वडील म्हणतात, 'मी मांडवात शेवटच्या पंगतीला जेवलो, तू तरी तसा जेवू नकोस.' कार्यक्रमानंतर दोन-दोन दिवस डाव्या कानात शिट्टी वाजत राहते, हे घरी सांगितलेले नाही. मी काय करावे?"

प्रिय वादक मित्रा,

तुमच्या पत्रात कानाचा उल्लेख अगदी शेवटी, जाता जाता आला आहे. मी मात्र तिथूनच सुरुवात करणार आहे, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे सहा महिने लांबली तरी चालतील, या एका प्रश्नाचे चालणार नाही. उजव्या हाताने वाजवणाऱ्या ड्रमरची हायहॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, डाव्या बाजूला असते आणि स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमचा फटकाही त्याच कानाला जवळ पडतो, त्यामुळे आमच्या व्यवसायात डावा कान आधी बिघडलेला पुष्कळदा दिसतो. मी स्वतः २३ वर्षे ऑर्केस्ट्रात ड्रम आणि ऑक्टोपॅड वाजवला. ३०व्या वर्षी सुरू झालेली शिट्टी आज ५५व्या वर्षीही माझ्या डाव्या कानात आहे आणि रात्री घर शांत झाले की ती अधिक स्पष्ट ऐकू येते. तेव्हा आम्हाला कोणी सांगणारे नव्हते, म्हणून तुम्हाला हे इतक्या आग्रहाने सांगतो आहे.

आवाज किती वेळ सोसता येतो याची एक मोजपट्टी आहे. ८५ डेसिबलच्या आवाजात माणूस दिवसाला ८ तास काम करू शकतो, असे ती धरते आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ डेसिबलला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. बंद हॉलमध्ये जोरात वाजणारा ड्रमसेट किंवा डीजेच्या टेबलाशेजारचा मॉनिटर स्पीकर १०० डेसिबल सहज गाठतो आणि तुम्ही तिथे ३-४ तास उभे असता. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केशपेशी जन्मतः सुमारे १५ हजार असतात. त्यांतली जी मरते ती पुन्हा उगवत नाही. दोन दिवसांनी शिट्टी थांबते म्हणजे कान पूर्ववत झाला, असे त्यामुळे समजू नका.

येत्या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्या. त्याआधी किमान एक पूर्ण दिवस मोठ्या आवाजापासून दूर राहा, म्हणजे मिळणारा आलेख खरा असेल. आवाजामुळे झालेली इजा या आलेखावर प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यासारखी दिसते. बोलणे ऐकण्यासाठी लागणारा बराचसा पट्टा तेव्हा शाबूत असतो, त्यामुळे माणसाला वर्षानुवर्षे आपले काही बिघडले आहे असे वाटतच नाही. कापसाच्या बोळ्यांचा उपयोग नाही. वादकांसाठी गाळणी असलेले कानातले प्लग मिळतात. ते साधारण सगळ्या स्वरांचा आवाज सारख्या प्रमाणात उतरवतात, त्यामुळे झांजेचा झणका आणि बेसचा ठोका यांतला तोल बिघडत नाही. पहिले चार-पाच कार्यक्रम ते लावून वाजवताना परके वाटेल, पुढे सवय होते. डीजे करताना हेडफोनचा आवाज मॉनिटरवर मात करण्यासाठी वाढवत नेण्याची सवय असेल, तर आधी मॉनिटर उतरवा. आणि एखाद्या सकाळी एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. अशा वेळी उपचाराला झालेला उशीर भरून निघत नाही.

आता तुमच्या यादीकडे वळू. ती इतकी नेटकी ठेवल्याबद्दल तुमचे मनापासून कौतुक वाटते, कारण आमच्या पिढीतल्या बहुतेक वादकांनी आयुष्यभराच्या बिदाग्या कधी एका कागदावर मांडल्याच नाहीत. ड्रमच्या ३१ सुपाऱ्या सरासरी अडीच हजारांनी धरल्या तर ७७,५०० रुपये होतात, डीजेच्या १८ सुपाऱ्या ६ हजारांनी धरल्या तर १ लाख ८ हजार. एकूण १ लाख ८५ हजार ५०० रुपयांतून प्रवास, सामानाचे भाडे, कातडी, काड्या, वायरी आणि दुरुस्ती यांचा तुम्हीच लिहिलेला ६० हजारांचा खर्च वजा केला की १ लाख २५ हजार ५०० रुपये उरतात, म्हणजे महिन्याला जेमतेम साडेदहा हजार. नोकरीचे वर्षाचे ३ लाख १२ हजार आहेत. तुमची कला आज पगाराच्या सुमारे दोन पंचमांश कमावते. शनिवार-रविवारच्या वेळात ही कमाई अजिबात कमी नाही, परंतु घर चालवण्यासाठी ती अजून पुरेशीही नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्या यादीतल्या तारखांमध्ये आहे. ४९ सुपाऱ्यांपैकी आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी या चार महिन्यांत फक्त ११ आहेत आणि त्यांतल्या ८ गणेशोत्सव व नवरात्र यांतल्या. उरलेल्या काळात, ज्यात पितृपक्षाचा पंधरवडाही येतो, तुमच्याकडे ३ कामे होती. महाराष्ट्रात लग्नांवर जगणाऱ्या प्रत्येक वादकाचे वर्ष असेच असते: तुळशीच्या लग्नानंतर हाताला उसंत नाही आणि चातुर्मासात हाताला काम नाही. ज्या वर्षी अधिक महिना लग्नसराईत येतो, त्या वर्षी आणखी एक महिना कोरडा जातो. नोकरी सोडण्याचा निर्णय त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये, सलग सुपाऱ्या सुरू असताना कधीही घेऊ नये. त्या दिवसांत सगळ्यांनाच वाटते की आता मागे वळून पाहण्याची गरज नाही.

माझे मत असे आहे की तुम्ही आणखी एक पूर्ण वर्ष, कार्तिकी ते कार्तिकी, नोकरी ठेवावी आणि या वर्षात सुपाऱ्यांची संख्या वाढवण्यापेक्षा एका सुपारीचे मोल वाढवण्याकडे लक्ष द्यावे. वर्षअखेरीस खर्च वजा जाता कलेचे उत्पन्न पगाराच्या तीन चतुर्थांशावर आले असेल आणि बँकेत ६ महिन्यांचा घरखर्च वेगळा पडला असेल, तर राजीनामा द्या. तेव्हा तुम्हाला माझ्या किंवा कुणाच्याच सल्ल्याची गरज उरलेली नसेल.

चुलतभावाच्या प्रस्तावाला मात्र मी स्पष्ट नकार द्यायला सांगेन. १२ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी घेतलेल्या ४ लाखांचा मासिक हप्ता सुमारे १३,२८६ रुपये होतो आणि परतफेडीत ७८ हजारांहून अधिक व्याज जाते. तुमची महिन्याची निव्वळ कला-कमाई साडेदहा हजार आहे, म्हणजे पहिल्याच महिन्यापासून पगारातून भर घालावी लागेल आणि श्रावणातही हप्ता थांबणार नाही. शिवाय हा व्यवसाय कायद्याच्या काठावर उभा आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंतची सूट देऊ शकते. २०१८ च्या गणेशोत्सवात विसर्जन मिरवणुकीतल्या डीजे आणि डॉल्बीवरची बंदी उठवण्यास मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला होता. त्या वर्षी कर्जाने सामान घेतलेल्या कितीतरी मुलांच्या स्पीकरच्या भिंती ऐन हंगामात ताडपत्रीखाली उभ्या राहिल्या.

पैशांचा हिशोब बाजूला ठेवला तरी आणखी एक कारण उरते आणि माझ्या लेखी तेच मोठे आहे. आपल्याकडे 'डीजे लावला' असे म्हणतात तेव्हा त्या शब्दाचा अर्थ माणूस असा नसतो, ट्रॅक्टरवरची स्पीकरची भिंत असा असतो. डीजे म्हणजे गाणी निवडणारा, एकातून दुसऱ्यात नेणारा, समोरच्या पावलांकडे पाहून पुढचा ठेका ठरवणारा कलावंत, हा मूळ अर्थ आपल्या गावांतून जवळजवळ पुसला गेला आहे. भिंत विकत घेतली की तुम्ही सामान भाड्याने देणारे व्यापारी व्हाल. तो व्यवसाय वाईट नाही, पण त्यात तुमच्या १५ वर्षांच्या हाताला काही काम नाही. भावाला प्रेमाने सांगा की सामान त्याने घ्यावे आणि जिथे त्याचे सामान जाईल तिथे वादक म्हणून तुमचे नाव सुचवावे. त्यात दोघांचेही भले आहे.

'ड्रम की डीजे' या मित्रांच्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण या प्रश्नाने तुम्ही विनाकारण खचलेले दिसता. या दोन कला एकमेकींच्या विरोधात कधीच नव्हत्या. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका इमारतीच्या सामाईक खोलीत कूल हर्क नावाच्या तरुण डीजेने जो कार्यक्रम केला, त्याला हिपहॉपचा आरंभ मानले जाते. नाचणारी मुले गाण्याच्या एका विशिष्ट जागेची वाट पाहत असतात, हे त्याच्या लक्षात आले होते. बाकीची वाद्ये थांबून फक्त ड्रम वाजतो ती ही जागा, आणि ती काही सेकंदांत संपून जाई. हर्कने एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवल्या आणि एकीवरचा ड्रमचा तुकडा संपताच दुसरीवर तोच तुकडा सुरू करून त्या काही सेकंदांची कित्येक मिनिटे केली. डीजेच्या कलेची एक मोठी शाखा अशी ड्रमरच्या मोकळ्या ठेक्यातून फुटली आहे. जो स्वतः तो ठेका हाताने वाजवू शकतो, त्याने डीजे व्हावे यात विसंगती कसली?

आपल्या मातीत तर याचा उपयोग आणखी ठळक आहे. क्लबमध्ये वाजणारे हाउस संगीत चार ठोक्यांचे, मिनिटाला साधारण १२० ते १२८ ठोके अशा गतीचे असते. आपली कोळीगीते आणि हळदीची कितीतरी गाणी सहा मात्रांच्या झुलत्या चालीत असतात. केवळ सॉफ्टवेअरवर विसंबणारा डीजे इथे अडखळतो, कारण सॉफ्टवेअर सहा मात्रांच्या गाण्याची गती अनेकदा चुकीची ओळखते. १२६ चे गाणे ते ८४ किंवा १८९ चे दाखवते. मग तो डीजे गाणे तोडतो, मध्ये एखादा स्फोटाचा आवाज टाकतो आणि पुढचे लावतो. नाचणाऱ्यांचे पाय तिथे एक क्षण थांबतात. ड्रमरला मात्र ठाऊक असते की मुख्य ठोका तसाच धरून ठेवायचा आणि त्याच्या पोटातली विभागणी तेवढी तिनाची चार करायची. ऑक्टोपॅडवर तुम्ही आठ आवर्तने हाताने हे वळण वाजवलेत, पहिल्या चार आवर्तनांत तिनाचा झोका आणि पुढच्या चारांत हळूहळू चाराचा सरळ ठेका, तर आगरी हळदीच्या गाण्यावरून हाउसच्या ठेक्यावर माणसे न थांबता जातील. हे काम बटण करू शकत नाही. हीच तुमची ओळख ठरू शकते.

एकाहून अधिक वाटा अशा एकत्र सांभाळणारे लोक आधी होऊन गेले आहेत आणि आजही आहेत. त्रिलोक गुर्टू यांचा जन्म १९५१ साली मुंबईत, ज्येष्ठ ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांच्या पोटी झाला. तबल्यावर घडलेल्या या वादकाने पाश्चात्त्य ड्रम, तबला आणि इतर तालवाद्ये एकत्र मांडून जमिनीवर बसून वाजवण्याची स्वतःची पद्धत उभी केली आणि जगभरच्या जॅझ वादकांबरोबर ती नेली. कथक नर्तकी सितारादेवींचे चिरंजीव रणजित बारोट ड्रम वाजवतात आणि संगीतरचनाही करतात. इंग्लंडमध्ये जन्मून अमेरिकेत वाढलेले कर्श काळे तबला, ड्रम आणि इलेक्ट्रॉनिक संगीत या तिन्हींत सारख्याच सहजतेने वावरतात. यांपैकी कुणालाही 'एक काहीतरी धर' हा सल्ला मानवला नसता. तुमची पायरी आज त्यांच्या पायरीच्या जवळ नाही, हे मी जाणतो आणि तुम्हीही जाणता. प्रश्न फक्त दिशेचा आहे.

म्हणून या वर्षात ३० मिनिटांचा एकच कार्यक्रम बांधा, ज्यात डीजेचा कंट्रोलर, ऑक्टोपॅड, एक स्नेअर आणि एक झांज एवढेच असेल. ते दुचाकीवर नाही तरी एका छोट्या गाडीत मावेल आणि दोन माणसांशिवाय मांडता येईल. त्यात संबळ, हलगी आणि ताशा यांचे आवाज स्वतः ध्वनिमुद्रित करून घाला. बाजारात मिळणाऱ्या तयार आवाजांत आपल्या संबळाचा तो चढा आणि खर्जातला असा जोडीचा बोल मला अजून मनासारखा सापडलेला नाही, आणि तुमच्या घरात तर आजोबांची जोडी अजून असेल. महिन्यातून एकदा हा कार्यक्रम संपूर्ण चित्रित करा, एकाच कोनातून, कसलेही तुकडे न जोडता. कार्यक्रम ठरवणारा माणूस आधी हात पाहतो. लग्ने हे एक क्षेत्र आहे; क्लब, महाविद्यालयांचे महोत्सव आणि स्वतंत्र संगीताचे मंच ही दुसरी क्षेत्रे आहेत. पुण्यात २०१० पासून एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव भरू लागला आणि गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर २००७ साली सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव सुरू झाला, तेव्हापासून आपल्या भागात अशा संगीताचा श्रोता तयार झाला आहे. तिथे जाण्यासाठी मात्र स्वतःची किमान चार-पाच संगीतरचना हाती हवी. दुसऱ्याच्या गाण्यांच्या रीमिक्सवर तिथे कुणाला फार काळ बोलावत नाहीत.

इथे हक्कांचा विषय येतो. क्लाइड स्टबलफिल्ड हे अमेरिकी गायक जेम्स ब्राउन यांच्या वाद्यवृंदातले ड्रमर होते. १९६९ साली त्यांनी एका ध्वनिमुद्रणात वाजवलेला काही सेकंदांचा मोकळा ठेका पुढे हजाराहून अधिक गाण्यांत उचलला गेला. जगात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या ध्वनितुकड्यांत त्याची गणना होते. त्या गाण्यावर रचनाकार म्हणून त्यांचे नाव नव्हते, त्यामुळे या वापरातून त्यांना स्वामित्वधन (रॉयल्टी) मिळाले नाही. २०१७ साली ते गेले. मी तरुणपणी तो ठेका शेकडो वेळा वाजवला आणि तो कुणाच्या हातातून आला हे मला ४०व्या वर्षी कळले, याची मला आजही खंत आहे.

तुमच्याबाबतीत तसे घडू नये म्हणून काही गोष्टी आतापासून पाळा. कुणाच्या गाण्यात वाजवायला गेलात तर वाजवण्याआधी विचारा की श्रेयनामावलीत नाव कसे येणार, आणि ठेका तुम्ही स्वतः रचला असेल तर रचनेत वाटा मिळणार का. उत्तर संदेशात का होईना, लेखी घ्या. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा स्वामित्वधनाचा हक्क बळकट केला आणि वादक-गायकांनाही त्यांच्या सादरीकरणाच्या व्यापारी वापरातून स्वामित्वधनाचा अधिकार दिला. स्वतःच्या रचना प्रसिद्ध करायला लागलात की संगीतकार म्हणून इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांचे स्वामित्वधन गोळा करणाऱ्या १९६९ साली स्थापन झालेल्या संस्थेचे, सभासदत्व घ्या. लग्नात दुसऱ्यांची गाणी वाजवल्याने हक्कांचा भंग होईल अशी भीती तुम्हाला वाटत असेल, तर ती अनाठायी आहे, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वरात आणि विवाहाशी निगडित समारंभांना सवलत आहे. हॉटेल किंवा क्लबमधल्या व्यावसायिक कार्यक्रमाला ती सवलत नाही. तिथला परवाना आयोजकाने घ्यायचा असतो आणि तुमच्या करारात ते एका वाक्यात लिहिलेले असावे. मात्र दुसऱ्याच्या गाण्याचे रीमिक्स परवानगीशिवाय प्रसिद्ध करणे हे वेगळे प्रकरण आहे. ते तुम्हाला प्रेक्षक मिळवून देईल, उत्पन्न मूळ हक्कदाराकडे जाईल आणि कधीही काढून टाकले जाईल. सरावासाठी करा, त्यावर भविष्य बांधू नका.

आता वडिलांविषयी, आणि हा भाग लिहिताना मला सर्वांत जास्त विचार करावा लागला. तुम्ही त्यांचे वाक्य विरोध म्हणून नोंदवले आहे. मला ते तसे वाटत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नात सूर लावला आणि नंतर मांडवाच्या कडेला बसून उरलेले वाढून घेतले, तो माणूस वाद्याला नाकारत नाही, त्या पंगतीला नाकारतो आहे. वाजंत्र्याला दाराबाहेर ठेवणारी आपली रीत जातीच्या उतरंडीतून आली आणि अनेक ठिकाणी ती आजही तशीच आहे, हे तुमच्यासारख्या घरातल्या मुलाला मी समजावण्याची गरज नाही. म्हणून त्यांना 'आता काळ बदलला' असे सांगू नका, कारण तो किती बदलला हे त्यांनी तुमच्यापेक्षा जवळून पाहिले आहे. त्यांना तुमचे करारपत्र दाखवा.

आपल्या व्यवसायात सुपारी तोंडी ठरते, इसार म्हणून पाचशे-हजार रुपये हातावर पडतात आणि उरलेली बिदागी पहाटे, दमलेल्या आणि कधी प्यायलेल्या माणसाकडून मागावी लागते. मला एकदा अशीच रात्री २ वाजता निम्म्या पैशांवर बोळवण करून परत पाठवले होते आणि तेव्हा माझ्याकडे दाखवायला कागदाचा कपटाही नव्हता. तुम्ही एक पानी मराठी करारपत्र करा. निम्मी रक्कम इसार म्हणून तारीख ठरतानाच, उरलेली वाजवायला सुरुवात करण्याआधी. किती तास वाजवणार आणि त्यापुढच्या प्रत्येक तासाला किती. रात्री १० नंतर उघड्यावर वाजवणार नाही. वीज आणि जनरेटर कुणाचा. कार्यक्रम रद्द झाल्यास इसाराचे काय. आणि वादकांचे जेवण पाहुण्यांसोबत, टेबल-खुर्चीवर, वाजवण्याच्या आधी किंवा मधल्या विश्रांतीत. हे शेवटचे कलम लिहायला संकोचू नका. काही लोक ते वाचून सुपारी देणार नाहीत आणि ती सुपारी गेलेली बरी. ज्या दिवशी या कलमाखाली पहिली सही होईल, त्या दिवशी तो कागद घरी घेऊन जा.

करारात मुक्कामाचीही सोय घाला. पुण्यातला कार्यक्रम मध्यरात्रीनंतर संपवून तुम्ही त्याच रात्री गावाकडे निघता, असे पत्रात सहज लिहिले आहे. चार तास वाजवून थकलेल्या माणसाने पहाटे खंबाटकीच्या घाटातून दुचाकीवर जाऊ नये. सकाळी ७ ची एसटी आहे. करासंबंधी एवढेच की प्रत्येक बिदागी खात्यावर घ्या, आयोजकाने कर कापला असेल तर त्याचे प्रमाणपत्र मागा आणि दरवर्षी विवरणपत्र भरा. पुढे ध्वनिमुद्रणाच्या साहित्यासाठी कर्ज हवे झाले तर बँक हेच कागद मागेल. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची २० लाखांची मर्यादा तुमच्यापासून अजून दूर आहे.

आणखी एक विनंती. तुमच्या पहिल्या स्वतःच्या रचनेत क्लॅरोनेट तुमच्या वडिलांची असू द्या. बँडमधल्या क्लॅरोनेटवाल्यांची ती मोकळ्या रस्त्यावर ऐकू जावी म्हणून घडलेली, ठसठशीत आणि किंचित घसरत जाणारी फुंक आता थोड्या लोकांच्या ओठांत उरली आहे. तुमच्या घरात ती आहे आणि ती अजून ध्वनिमुद्रित झालेली नाही, असे तुम्हीच लिहिले आहे. पावसाळ्यात सुपाऱ्या नसतील तेव्हा एक दिवस चांगला स्टुडिओ घ्या. त्यांना ड्रमच्या आवाजावर वाजवायला लावू नका; आधी त्यांना मोकळे वाजवू द्या आणि ठेका नंतर तुम्ही त्यांच्या फुंकीला जुळवून बांधा. श्रेयनामावलीत त्यांचे पूर्ण नाव वादक म्हणून द्या, चाल त्यांची असेल तर रचनाकार म्हणूनही. त्यांचा वाटा किती टक्के हे ध्वनिमुद्रणाच्या आधी कागदावर लिहून त्यांची सही घ्या. ते म्हणतील, घरातल्या घरात कागद कशाला. तरीही घ्या.

श्रवणचाचणीचा आलेख हाती आला की मला जरूर कळवा.

तुमचा,
सदरलेखक